परत न आलेली घड्याळं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. गिऱ्हाईक घड्याळ आपटतं आणि वर तोंड करून "आपोआप बंद पडलं हो" म्हणतं, तेव्हा माझं डोकं फिरतं आणि मी बोलून मोकळा होतो. तीस वर्षं काउंटरवर बसून हेच करतोय. पण जिथे खरंच तोंड उघडायला हवं होतं, तिथे मी अडीच वर्षं मूग गिळून बसलो. तेच सांगायचंय.

घड्याळदुरुस्तीचं दुकान आम्हा दोघा भावांचं. म्हणजे पाटीवर दोघांचं, खरं तर दादाचं. दादा आत खिडकीशी बसायचा, उजव्या डोळ्याला भिंग लावून. चावीची, जुनी, नाजूक घड्याळं त्याची. मी पुढे बसून सेल बदलायचो, पट्टे बसवायचो, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांची धूळ काढायचो आणि लोकांशी भांडायचो. दादाने माझं नाव ठेवलं होतं हातोडी. माझे हात जड, म्हणून. "हातोडी, त्याला हात लावू नकोस, ते तुझ्या बसची बात नाही." आणि हे चार गिऱ्हाइकांसमोर, हसत हसत. तेही हसायचे, मीही हसायचो. दात दाखवायचो म्हणा.

आता, सगळं काम मला शिकवलं त्यानेच. आणि माझे हात काही इतके जड नव्हते. पण एकदा घरात नाव पडलं की पडलं. पन्नाशी आली तरी मी हातोडीच.

आमच्याकडे दोन पद्धती होत्या. एक म्हणजे, दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. दोन दिवस भिंतीवरच्या खणात ठेवायचं, पुढे जातंय का मागे पडतंय ते बघायचं, मग द्यायचं. हे बघायचं काम माझं. दुसरी अशी की ज्याने घड्याळ दुरुस्त केलं, त्याने मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीकशी खूण ओरखडायची आणि महिना-वर्ष लिहायचं. जगभरचे घड्याळजी करतात हे. उद्या ते घड्याळ कुठेही उघडलं तरी उघडणाऱ्याला कळतं की आधी कुणाचा हात लागलाय. दादाची खूण त्रिकोण. माझी दोन आडव्या रेघा. त्या फारशा कुठे सापडायच्या नाहीत.

सुरुवात कानापासून झाली. दुरुस्ती संपली की दादा घड्याळ उजव्या कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि टिकटिक ऐकायचा. देवळात उभा असावा तसा चेहरा करून. एक दिवस बघतो तर घड्याळ डाव्या कानाशी.

"उजव्याला काय झालं?" मी विचारलं.

"बसलाय जरा. आत शिट्टी वाजते. मळ असेल."

तो विषय तिथेच संपला. दोन महिन्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं घड्याळ आलं, पातळ, बायकी, फार सुंदर. दादाने साफ करून खणात ठेवलं. दोन दिवसांत ते अकरा मिनिटं पुढे गेलं. मला खरंच वाटेना. सकाळी दादा दहाला यायचा, मी साडेसातला जाऊन ते उघडलं. केसासारख्या स्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. एका स्क्रूच्या बाजूला ताजा ओरखडा होता. पेचकस घसरला होता. दादाचा पेचकस घसरला! मी तीस वर्षांत तसा ओरखडा फक्त माझ्याच कामात पाहिला होता.

थकला असेल, म्हटलं. वेढे सोडवले, स्प्रिंग सरळ केली, झाकण लावलं. झाकणात त्याचा त्रिकोण होता. खाली माझ्या दोन रेघा ओढायला हव्या होत्या. नाही ओढल्या. मुख्याध्यापिका बाई आल्या, घड्याळ घेतलं, आतल्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या हातात जादू आहे हो." मी म्हटलं, "आहेच."

दादाला कशाला वाईट वाटू द्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं नव्हतं ते. चार आणे खरं होतं. उरलेले बारा आणे काय होते ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मला आनंद झाला होता. दादाने बिघडवलेलं घड्याळ मी चालू केलं होतं, हातोडीने! त्या सकाळी मी शीळ वाजवत शटर पूर्ण उघडलं.

मग दुसरं आलं. मग तिसरं. चार महिन्यांत दर पाच घड्याळांतली तीन मी पुन्हा उघडत होतो. कधी काचेच्या आत बोटाचा ठसा, कधी तेल नको तिथे, कधी काटा तबकडीला घासत असलेला. मी सातलाच दुकानात जायला लागलो. बायकोला सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळांचं काम वाढलंय. तिलाही सांगितलं नाही, म्हणजे बघा.

आणि दादा काय करत होता? भिंग पुसत होता. दिवसातून वीस वेळा. "हा दिवा काही खरा नाही," म्हणाला, तर मी धावत जाऊन जास्त उजेडाचा दिवा आणला. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकला की उठताना टेबल धरून चार-पाच सेकंद तसाच उभा राहायचा.

"काय रे?"

"काही नाही. डोळ्यांपुढे पडदा आला. गेला आता."

मी त्याला चहा दिला. अक्कल बघा माझी, चहा दिला!

एक घड्याळ मात्र वेगळंच निघालं. झाकण उघडलं तर दादाचा त्रिकोण कुणा जुन्या घड्याळजीच्या खुणेवरच ओढलेला, आणि तोही अर्धवट, तिसरी बाजू कुठल्या कुठे गेलेली. त्याला झाकण दिसतच नव्हतं. मी बराच वेळ ते हातात धरून बसलो. तेव्हाच आत जाऊन, दादाचा हात धरून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी काय केलं, तर ते पुसलं, घासलं आणि शेजारच्या कोऱ्या जागेत माझ्या हाताने त्याचा त्रिकोण कोरला. सुबक. त्याच्यापेक्षाही सुबक.

घरी टीव्हीचा आवाज वाढायला लागला, दादा चालताना चौकटीला धडकायला लागला, तेव्हा वहिनींनी त्याच्यामागे लकडा लावला. त्यांना नोकरीतून सुट्टी मिळेना, म्हणून कानाच्या डॉक्टरकडे मी गेलो बरोबर. डॉक्टर बाई होत्या, तरुण, शांत. त्यांनी कानाला यंत्र लावून तपासलं आणि म्हणाल्या, "दोन्ही कानांचं कमी झालं तर वय म्हणता येतं. एकाच कानाचं एवढं कमी होतं तेव्हा आत ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघावं लागतं. स्कॅन करून घ्या." मग एकेक विचारू लागल्या. डोकं दुखतं का? सकाळी जरा, दादा म्हणाला. तोल जातो का? छे. नजरेत काही फरक?

दादा हसला. "डॉक्टर, मी घड्याळजी आहे. केसाएवढी स्प्रिंग बसवतो. वर्षभरात माझ्या हातचं एक घड्याळ परत आलेलं नाही. विचारा ह्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही आलं."

शब्दाला शब्द खरं होतं ते. परत एकही आलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मग अगदी आजच्या आज पळायला नको. पण महिना-दोन महिन्यांत करा, टाळू नका." बाहेर पडल्यावर दादाने तो कागद घडी करून खिशात टाकला. "स्कॅन म्हणे. ज्या दिवशी एक घड्याळ परत येईल ना, त्या दिवशी जाईन."

एक घड्याळ. मला काहीही करायचं नव्हतं हो. एक घड्याळ, फक्त एक, जसं होतं तसं गिऱ्हाइकाला द्यायचं होतं. ते आरडाओरडा करत आलं असतं, दादाने कपाळाला हात लावला असता आणि स्कॅनला गेला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दुकानात होतो. खणात तीन घड्याळं होती. मी तिन्ही उघडली.

का, म्हणून मी स्वतःला हजारदा विचारलंय. एवढे महिने लपवलं ते आता कुठल्या तोंडाने सांगायचं, ही भीती होती. आणि सवय झाली होती. सकाळचे ते तीन तास माझे होते. खिडकीशी, दादाच्या खुर्चीत, दादाचं भिंग लावून मी बसायचो आणि माझ्या हाताखाली नाजूक घड्याळं चालू व्हायची. ते सोडवत नव्हतं मला.

पुढे पाच महिन्यांनी एका सकाळी दादा दुकानात आला, खुर्चीवर बसायला गेला आणि खुर्चीच्या शेजारी बसला. जमिनीवर. मग ओकला. "दिवा लाव रे," म्हणाला. दिवा चालूच होता.

उजव्या बाजूला ऐकण्याच्या नसेवर लिंबाएवढी गाठ निघाली. साधी गाठ, असं सगळे सांगत होते. कॅन्सर नव्हे, कुठे पसरत नाही, हळूहळू वाढते. साधी! तिने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली होती, डोक्यात दाब वाढला होता आणि त्या दाबाने डोळ्यांच्या नसा मागून सुजल्या होत्या. नऊ तास ऑपरेशन चाललं. दादा वाचला. चौथ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"नसा फार दिवस सुजलेल्या होत्या," ते म्हणाले. "गेली ती नजर आता यायची नाही. थोडं आधी आला असतात तर वाचली असती बरीचशी. यांना कामात काहीच जाणवलं नाही का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "यांचं काम इतकं बारीक, तरी वर्षभरात एक घड्याळ परत आलं नाही. हो ना भावजी?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाही माहीत नाही.

उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. शिवाय चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली, पापणी पूर्ण मिटत नाही. डोळ्यात कचरा गेला तरी त्याला टोचत नाही, म्हणून दर दोन तासांनी थेंब घालायचे. दुकानात मी घालतो. डाव्या डोळ्याला नळीतून बघावं तेवढं दिसतं, समोरच्या माणसाचं नाक दिसलं तर कान दिसत नाहीत. तरी तो रोज दुकानात यायचा, खिडकीशी बसायचा, हात मांडीवर ठेवून. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "एका आठवड्यात गेली बघा नजर. पण शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या हातचं एक घड्याळ परत आलं नाही." हे सांगताना त्याचा अर्धा चेहरा उजळायचा. अर्धाच हलायचा ना.

मी पुढे बसून ऐकायचो. दर वेळी वाटायचं, आता उठावं आणि सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, त्याचं सगळं गेलं, एवढं एक वाक्य राहिलंय, तेही मी काढून घेऊ? हे असं चांगुलपणाचं पांघरूण मला फार पटकन सापडतं.

वर्ष झालं आणि हॉस्पिटलमधून स्कॅनची तारीख आली. गाठीचा एक तुकडा चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला होता, तो सर्जननी मुद्दाम ठेवला होता. दर वर्षी त्याच्यावर नजर ठेवायची, असं बजावून सांगितलं होतं. वाढला तर पुन्हा दाब, आणि डाव्या डोळ्याची ती नळीसुद्धा बंद.

दादा म्हणाला, "मी नाही जाणार."

वहिनींनी समजावलं, रागावल्या, अबोला धरला. दगडावर डोकं आपटल्यासारखं. शेवटी दुकानात आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. दादा त्या दिवशी घरी होता. "भावजी, म्हणतात, मागच्या वेळी एका आठवड्यात झालं, तोपर्यंत सगळं ठणठणीत होतं. पुन्हा काही झालं तर मला लगेच कळेल, तेव्हा बघू. माझे डोळे मला सांगतात, म्हणतात. काय करू मी? तुम्ही बोला ना."

मी बोलायचं! तीस वर्षांत दादाने माझं एक ऐकलं नव्हतं. पण ह्या वेळी ऐकण्यासारखं माझ्याकडे होतं, आणि फक्त माझ्याकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराला 'बंद'ची पाटी लावली, स्टूल ओढलं आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो.

"थेंबांची वेळ झाली का?" दादा म्हणाला.

"नाही. दादा, तुझी नजर एका आठवड्यात गेली नाही."

"तू डॉक्टर कधी झालास, हातोडी?"

"दीड वर्ष जात होती. तुझी घड्याळं परत येत नव्हती, कारण मी ती आधीच उघडत होतो. सकाळी सातला येऊन. खणातली. तू बिघडवलेली मी नीट करत होतो आणि लोकांना देत होतो."

तो हसला. खरंच हसला आधी. मग थांबला. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती आणि त्यांचा आवाज मला असह्य झाला.

"किती?"

"मोजली नाहीत."

"मोजली नाहीस असं व्हायचं नाही. ओळखतो मी तुला."

"दोनशे सहा."

त्याचा डावा हात मांडीवरून उठला, टेबलाच्या कडेवर गेला, तिथे भिंग होतं, त्याला लागला आणि परत आला.

"त्या डॉक्टर बाईंसमोर तू होतास," तो म्हणाला. "मी तुला विचारायला सांगितलं त्यांना."

"हो."

"आणि तू नाही आलं म्हणालास."

"हो."

"मी म्हटलं होतं, एक परत आलं तर जाईन."

"हो दादा." मी स्टूल आणखी पुढे ओढलं. "चुकलो रे मी. मला मार, काहीही कर, पण स्कॅनला चल. तुझे डोळे तुला सांगत नाहीत. तेव्हा तुझी घड्याळं सांगत होती, मी ऐकू दिलं नाही तुला."

 मग त्याने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. शिव्यांची तयारी करून बसलो होतो मी.

"बरं वाटायचं का तुला? सकाळी? माझ्या खुर्चीत?"

नाही म्हणणं सोपं होतं. एवढं खोटं पचलं होतं, आणखी एक पचलं असतं.

"वाटायचं," मी म्हणालो.

दादा उठला. मी हात पुढे केला, तो त्याला दिसला नाही, की दिसला आणि घेतला नाही, कोण जाणे. भिंतीला हात लावत लावत तो दारापर्यंत गेला, पाटी खाली पडली, आणि तो रस्त्याला लागला. मी त्याच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून घरापर्यंत चालत गेलो. वहिनींनी दार उघडलं. त्याने मागे वळून बघितलं नाही.

दोन दिवस दुकानात आला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "तयार होऊन बसलेत. स्कॅनला जायचं म्हणतात. तुम्हालाही बोलावलंय." एवढंच. त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांनाही कळलंय.

गाडीत तो वहिनींशेजारी बसला, मी पुढे. हॉस्पिटलमध्ये त्याने त्यांचा दंड धरला. स्कॅन झाला. मग त्याच कानाच्या डॉक्टर बाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. त्यांनी पडद्यावर काहीतरी बघितलं, तुकडा तेवढाच वाटतोय म्हणाल्या, वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली.

"नजरेचं मला सगळं नीट लिहून घ्यायचंय. सुरुवातीपासून. पहिल्यांदा फरक कधी वाटला तुम्हाला?"

"मला विचारू नका," दादा म्हणाला. "ह्याला विचारा. माझ्या डोळ्यांचं माझ्याआधी ह्याला कळलं होतं. माझ्यापासून लपवलं त्याने, तुमच्यापासून आता लपवणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. वहिनीही बघत होत्या. मी मुख्याध्यापिकेच्या घड्याळापासून सुरुवात केली. अकरा मिनिटं, चिकटलेले वेढे, पेचकसाचा ओरखडा. मग दुसरं. मग तिसरं. डॉक्टर लिहीत होत्या. माझा आवाज खाली खाली जात होता. दादाने मान वळवून चांगला कान माझ्याकडे केला.

"मोठ्याने बोल," तो म्हणाला.